पॉइंट पंचावन्न बर्नाडीन

माणसं मोजायला अक्कल लागत नाही, असं मी छाती फुगवून म्हणालो, तिथंच घोटाळा झाला!

नेब्रास्कातल्या आमच्या बेकरीत मी हिशेबनीस. चार दुकानं, एक भटारखाना, आणि गावोगाव जाणारे जॅम भरलेले गोल पाव, म्हणजे कोलाचे. मालकीण रोझली कुचेरा एका सकाळी म्हणाल्या, "डेलबर्ट, आपली माणसं किती? पूर्णवेळ पन्नास भरली तर पूर्णवेळवाल्यांना आरोग्य विमा द्यावा लागतो. नाही दिला तर दंड!"

"जेवायच्या आत सांगतो, बाई!"

आता सरकारी नियमाप्रमाणे अर्धवेळवाले काही एक-एक मोजायचे नसतात. त्यांचे महिन्याचे तास एकत्र करायचे, एकशेवीसने भागायचं, येईल तितकी पूर्ण माणसं धरायची. मी आणखी हुशारी केली. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा वेगळा आकडा लिहिला आणि तो कागद टेबलावर उघडा टाकून कॉफी आणायला गेलो.

परत आलो तर बर्नाडीन कागद घेऊन उभी! वय एकाहत्तर, अर्धवेळ कामाला, हातात लाटणं.

"काय रे, हे पॉइंट पंचावन्न काय आहे?"

"ती... तू आहेस."

"मी? तीन पोरं वाढवली, दोन नवरे पुरले, आणि तुझ्या कागदावर मी अर्धी? कुठला अर्धा धरलास, वरचा की खालचा?"

"अगं, तासांप्रमाणे..."

"आणि हा ड्रायव्हर वेंडेल? दिवसभर व्हॅनमध्ये घोरतो, तो अख्खा?"

"गुडघा दुखतो म्हणून टेकतो गं जरा!" वेंडेल दारातून ओरडला.

"अगं, अर्धवेळवाल्यांना तसाही विमा मिळत नाही," मी समजूत घातली.

"म्हातारपणाचा सरकारी विमा आहे मला! मला मान हवाय!"

दुपारी तिची सुट्टी व्हायची. ती हलेना. "आज मी पूर्ण होऊनच घरी जाणार!" तिचं बघून बाकीचे सव्वीस अर्धवेळवालेही कामाला चिकटले. तीन वाजेपर्यंत कोलाच्यांचे ढीग खिडकीला टेकले. खुर्च्यांवर कोलाचे, फाइलींवर कोलाचे, माझ्या टोपीतसुद्धा दोन, खसखशीचे!

रोझलीबाई धावत आल्या. "हे काय चाललंय?"

मी सगळं सांगितलं.

"ते राहू दे. एकूण किती झाली गेल्या वर्षाची सरासरी?"

"पूर्णवेळ छत्तीस, अर्धवेळवाल्यांचे चौदा. बरोबर पन्नास."

एक माणूस कमी असता तर सुटलो असतो! बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि वेंडेलपाशी थांबल्या.

"वेंडेल, डॉक्टरकडे शेवटचा कधी गेलास?"

"दोन वर्षं झाली, बाई. परवडत नाही हो."

बाईंनी एक कोलाचा उचलून सावकाश खाल्ला. "द्यायचा विमा!"

काय तो आरडाओरडा! मैदा उधळला, बर्नाडीनने वेंडेलचा मुका घेतला, वेंडेल गुडघा विसरून नाचला आणि मग कळवळून खाली बसला.

पुढच्या आठवड्यात विम्याचा माणूस अर्ज घेऊन आला. एकेक नाव पुकारू लागला.

"पॅट्रिशिया व्राना?"

"मी!" काउंटरवरची पॅटी म्हणाली.

"पॅटी व्राना?"

"अहो, मीच!"

"दोन्ही?"

"एकच आहे हो मी! घरी पॅटी म्हणतात."

एकाच बाईला मी दोनदा मोजलं होतं! विम्याचा माणूस माझा कागद बघून रोझलीबाईंना हळूच म्हणाला, "बाई, मग तुम्ही एकोणपन्नासच. कायद्याने तुम्हाला काहीच द्यावं लागत नाही."

पलीकडे वेंडेल फोनवर डॉक्टरची वेळ ठरवत होता. "गुरुवारी? येतो, येतो! हो, विमा आहे ना!" इतका उजळलेला चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता.

बाईंनीही तो पाहिला. "पेन द्या," म्हणाल्या आणि सही ठोकली. मग माझ्याकडे वळल्या. "डेलबर्ट, उद्यापासून तू माणसं मोजायची नाहीत. खोक्यात कोलाचे मोजून भर."

भरतोय. काल एकच खोकं तीनदा मोजलं, तीनदा वेगळा आकडा आला. गिऱ्हाइकांची मात्र अजून एकही तक्रार नाही. उलट गर्दी वाढलीय म्हणे!