नीलाच्या नावावरचे सात गोल

हे घडलं एकोणीसशे ब्याऐंशी साली, डिसेंबरच्या एक तारखेला, बुधवारी. तारीख आणि वार इतका नेमका सांगता येतो, कारण त्या दिवशी दिल्लीला एशियाडमधली हॉकीची फायनल होती, भारत आणि पाकिस्तानची. आणि त्याच दुपारी नागपुरात, जरीपटक्याच्या अलीकडच्या एका बैठ्या घरात, सावनेरची मंडळी नीलाला बघायला आली होती.

दोन्ही गोष्टी एकाच दिवशी आल्या तो काही योगायोग नव्हता. बघण्याचा कार्यक्रम आधी रविवारचा ठरला होता. पण मुलाचे वडील मधुकरराव यांनी अंतर्देशीय पत्र टाकून तो बुधवारवर नेला. 'त्या दिवशी मुहूर्त उत्तम आहे,' असं पत्रात लिहिलं होतं. नीलाचे मामा बळीराम यांनी पंचांगाआधी वर्तमानपत्र चाळलं आणि त्यांना मुहूर्त तिथंच सापडला. मधुकरराव कोळसा खाणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होते, तरुणपणी खाणीच्या हॉकी टीममध्ये फुलबॅक होते, आणि सावनेरात कोणाकडे टीव्ही नव्हता. मामांनी मात्र दिवाळीतच टीव्ही घेतला होता.

मामांना आनंदच झाला. "टीव्ही पाहाले येतीन, पोरगी पाहून जातीन," असं ते बहिणीला, म्हणजे नीलाच्या आईला म्हणाले. नीलाचे वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. मायलेकी मामांच्याच घरी राहत. चोविशी ओलांडलेली भाची उजवणं हे मामांनी अंगावर घेतलेलं काम होतं, आणि आतापर्यंत चार ठिकाणांहून नकार आला होता.

त्या चारही वेळी जमावं असं फक्त आईला वाटत होतं. या वेळी नीलालाही वाटत होतं, पण ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. मुलाचा फोटो आला तेव्हाच तिनं त्याला ओळखलं होतं. श्रीधर नागपूरच्याच पोस्टात होता. दोन महिन्यांपूर्वी नोकरीचा अर्ज रजिस्टर करायला ती धावतपळत गेली, तेव्हा त्यानं खिडकी बंद करून डबा उघडला होता. तिच्या तोंडाकडे पाहून त्यानं डबा बाजूला सारला, खिडकी उघडली आणि अर्ज घेतला. ना उपकाराची भाषा, ना जादा बोलणं. असा माणूस रोज घरी आला तर बरं, असं तिला वाटलं होतं.

सिंधूताईंनी, म्हणजे आईनं, सकाळपासून एकच धोशा लावला होता. "हॉकीचं नाव काढू नको वं. धावणारी सून कोणाले नाई पाहिजे." नीला कॉलेजच्या टीममध्ये होती. तिची स्टिक एरवी स्वैपाकघराच्या दाराला अडसर म्हणून लागायची. त्या दिवशी ती जुन्या लुगड्यात गुंडाळून तांदळाच्या पिंपामागं गेली. जिंकलेला कप गेला पिंपाच्या आत.

दुपार झाली तशी सगळी आळी घरात येऊन बसली. टीव्ही असलेल्या घराला, आणि तेही अशा दिवशी, कोणाला येऊ नका म्हणण्याची सोय नव्हती. त्यामुळे नीलाला बघायला सावनेरचे तिघं आणि आळीतले तीसेक असे मिळून जमले. दारात चपलांचा ढीग झाला. शेजारचे लेखराज नेहमीसारखी पापडाची पिशवी घेऊन आले. त्यांचा पापडांचा धंदा होता. फाळणीत सिंधमधलं शिकारपूर सोडून आले तेव्हा ते वीस वर्षांचे होते. मॅच कोणतीही असो, कोणीतरी त्यांना विचारायचंच, "लेखराजजी, आज कोणाकडून?" आणि ते दर वेळी सांगायचे, "ज्यानं घरातून काढला, त्याच्या वास्ते ताली वाजवू काय?" उत्तर ऐकून लोकांचं समाधान व्हायचं. पुढच्या मॅचला पुन्हा विचारायचे.

पहिला गोल भारताचा झाला. आळी उठून नाचली. मधुकररावांनी मामांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शुभ घडी आहे बळीरामजी. बोलवा पोरीले."

नीला पोह्यांचा ट्रे घेऊन आली. मांडी घालून बसलेल्या माणसांतून वाट काढत तिनं आधी मुलाची आई इंदूबाईंना बशी दिली, मग मधुकररावांना. ते टीव्हीकडे बघतच 'नाव काय तुझं' म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता खाऊ लागले. मग ती श्रीधरपुढे वाकली. त्यानं मान वर केली आणि फक्त तिला ऐकू जाईल असं विचारलं, "तुमचं रजिस्टर पोचलं ना?"

नीलाला हसू आलं. ते तिनं दाबलं नाही.

नेमका त्याच क्षणी पाकिस्तानचा गोल झाला. तेहतीस माणसं गप्प झाली, आणि त्या शांततेत एकटी नीला हसत उभी होती.

"हासली काहून वं ही?" इंदूबाईंनी सिंधूताईंना विचारलं.

आता याचं खरं उत्तर देता येत नव्हतं. सिंधूताई म्हणाल्या, पोरगी हसऱ्या चेहऱ्याची आहे. इंदूबाईंनी बशी खाली ठेवली.

चहा आला तेव्हा दुसरा गोल झाला. दोनदा झाल्यावर हिशोब करायला सगळ्यांना सोपं गेलं. पोहे आले, एक गोल. चहा आला, दुसरा. आळीतल्या कोणाला तरी आठवलं की गणपतीत नीलानं बटण दाबलं आणि लाइट गेले होते. तिसरा गोल झाला तेव्हा नीला स्वैपाकघरात होती, ती दोषी ठरत नव्हती. पण त्या गोलाआधीचा पास इतका देखणा होता की लेखराजांच्या तोंडून "वाह" निघून गेलं. अर्धाच शब्द होता, पण तो सगळ्यांनी पुरता ऐकला.

"हे पाहा," मधुकरराव म्हणाले, "म्हणजे घरातच दोन दोन आहेत."

खाणीच्या टीममध्ये असताना हरत चाललेली मॅच फिरवायचा त्यांच्याकडे एक उपाय होता. जे केलं ते उलटं करायचं. त्यांनी नीलाला बोलावून सांगितलं की ज्या क्रमानं बशा दिल्या त्याच्या उलट क्रमानं उचल, आणि आलीस तशी उलट्या पावली आत जा. मामांनी मान डोलावली. नीलानं श्रीधरची बशी उचलली, मग मधुकररावांची, मग इंदूबाईंची. तिघांचेही पोहे अर्धे राहिले होते. ट्रे सांभाळत, मागं न बघता ती माणसांच्या गुडघ्यांतून, बोटांवरून, एका म्हाताऱ्याच्या चष्म्यावरून स्वैपाकघराकडे सरकू लागली. तोंड टीव्हीकडे असल्यामुळे तिला मॅच पहिल्यांदाच नीट दिसली. उंबऱ्याला टाच लागली आणि चौथा गोल झाला.

"बापा रे, हिचे तर मागूनही पाय पांढरे," इंदूबाई म्हणाल्या.

नीलानं ट्रे खाली ठेवला. सकाळपासून सांगितलेलं सगळं तिनं पाळलं होतं, तेवढ्यापुरतं विसरली. "काका, आपले दोघंही फुलबॅक पुढं धावून राहिले. मागं गोलकीपर एकटा आहे. तो तरी काय करन?"

घरात पुन्हा शांतता झाली. फरक एवढाच की या वेळी गोल झाला नव्हता. फुलबॅकची चूक एका फुलबॅकला सांगितली होती, आणि तीही बघायला आलेल्या मुलीनं. मधुकररावांनी विचारलं, हिला हॉकी कसं कळते. सिंधूताई म्हणाल्या, कुठं कळते, ऐकून बोलून राहिली. तेवढ्यात आळीतल्या एका बाईनं नीलाची बाजू घ्यावी म्हणून मोठ्या कौतुकानं सांगितलं, "कळते म्हणजे? कॉलेजात कप आणला होता नं पोरीनं."

मग ठरलं की दोघांनी, म्हणजे नीलानं आणि लेखराजांनी, थोडा वेळ अंगणात बसावं. सिंधूताईंनी तेवढ्यातही मुलाकडे पाहिलं. नीलानंही पाहिलं. खिडकी बंद झाल्यावर उघडणारा माणूस तो. एक शब्द बोलला असता तर पुरे होतं.

श्रीधर आपल्या बशी नसलेल्या हातांकडे बघत म्हणाला, "थोडा वेळ बाहेर बसल्यानं काय होते? पाहू तरी."

अंगणात एक बाज होती. एका टोकाला नीला बसली, दुसऱ्या टोकाला लेखराज. थंडीतलं ऊन पायांवर येत होतं. मग लेखराज म्हणाले, "बेटी, मेरा तो ये दुसरा बार है. पहिल्यांदा पापड हातात नव्हते." आणि त्यांनी पिशवीतला एक कच्चा पापड काढून मोडला, अर्धा तिला दिला.

आत काय चाललंय ते आवाजावरून कळत होतं. आधी गलका, मग एकदम काहीच नाही.

"पाच," नीला म्हणाली.

थोड्या वेळानं पुन्हा काहीच नाही.

"सहा. पण आता तर आपण बाहेर आहो, काका."

"ते आतल्यांना सांग."

सातवा झाल्यावर सांगायला कोणी उरलं नव्हतं. माणसं मान खाली घालून बाहेर पडू लागली. इंदूबाई तिच्यापासून पदर सावरत गेल्या. श्रीधरची एक चप्पल ढिगात सापडत नव्हती. तो वाकून शोधत राहिला, नीला उभी राहून बघत राहिली. शेवटी तिनंच बोट दाखवलं. त्यानं चप्पल घातली आणि एसटी गाठायला निघून गेला.

चार दिवसांनी पत्र आलं की पत्रिका जुळत नाही. पत्रिका दिवाळीआधीच जुळली होती. देशभर त्या आठवड्यात लोक गोलकीपरच्या नावानं बोटं मोडत होते. आळीतल्या लोकांना तेवढ्या लांब जायची गरज पडली नाही.

पुढच्या जूनमध्ये क्रिकेटच्या वर्ल्डकपची फायनल आली. मामांनी नीलाला फार प्रेमानं सांगितलं की आज तू लेखराजांकडे पापड लाटायला जा. ती गेली. लेखराजांनी त्याच महिन्यात स्वतःचा टीव्ही घेतला होता, मामांच्यापेक्षा मोठा, आणि आळीत कोणाला सांगितलं नव्हतं. दारं लावून, आवाज बारीक करून, दोघांनी पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत सगळी मॅच पाहिली. सकाळी मामा पेढा घेऊन आले. "पाहा," ते म्हणाले, "तू नव्हती, जिंकलो." नीलानं पेढा खाल्ला.

श्रीधरचं लग्न अकोल्याच्या मुलीशी झालं. पुढं तो पारशिवनीला पोस्टमास्तर झाला. इंदूबाई त्या सुनेच्या पायांबद्दलही बोलू लागल्या, असं ऐकू आलं. मधुकरराव सावनेरच्या लग्नकार्यांत, पंगत बसायच्या आधी, भारत तेव्हा का हरला ते समजावून सांगत. दोघंही फुलबॅक पुढं धावले, गोलकीपर एकटा पडला, हे तिथं बसल्याबसल्या आपल्या लगेच लक्षात आलं होतं, असं ते म्हणत. नीलाला हे कळलं ते सावनेरातच. रजिस्टरनं गेलेला तो अर्ज मंजूर होऊन ती तिथल्या मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली होती, आणि एका लग्नात दोन रांगा सोडून बसली होती. तिनं स्वतः लग्न केलं नाही. मामांचा टीव्ही तीन वर्षांत बिघडला, लेखराजांचा लेखराजांपेक्षा जास्त टिकला.

सिंधूताई शेवटच्या दुखण्यात नागपुरातच दवाखान्यात होत्या. साल एकोणनव्वद. नीला रजा घेऊन त्यांच्याजवळ बसायची. एका दुपारी शेजारच्या वॉर्डात कोणीतरी रेडिओ लावला. आवाज ऐकून सिंधूताईंनी डोळे उघडले, लेकीचा हात हातात घेतला आणि क्षीण आवाजात म्हणाल्या, "मॅच चालू आहे वाटते. बाई माझी, तू थोडा वेळ बाहेर बस."

नीलानं त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, उठली आणि वऱ्हांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. तिथं रेडिओ जास्त स्पष्ट ऐकू येत होता. कापसाचे बाजारभाव चालू होते.