कमळ्याचं कुटुंब

एक मोबाइल नंबर म्हणजे एक कुटुंब. हा नियम माझा, आणि तो अजूनही मला बिनचूक वाटतो. लोकच चुकीचे आहेत!

मी गंधार. दहिवलीत घरी बसून कंपन्यांच्या वेबसाइट बनवतो. माझे वडील अप्पा, त्यांची एक छोटी संस्था आहे. ती डोंगरावरच्या वाडीत अडतीस घरांना पाण्याच्या टाक्या देणार होती. वाडीत टँकर आठ दिवसांनी येतो. ज्याच्याकडे टाकी, त्यालाच आठवडाभर पाणी. अप्पा वही उघडून नावं लिहायला बसले, तेव्हा मला राहवलं नाही.

"अप्पा, वही ठेवा. मी असा ऑनलाइन अर्ज बनवतो की कोणाला चूक करताच येणार नाही."

बनवलाही. नंबर नवा असेल तर नवं कुटुंब. नंबर आधीच आलेला असेल तर नवी माणसं त्याच कुटुंबात जोडायची. ज्याचा मोबाइल तो कुटुंबप्रमुख, आणि त्याच्याशी नातं काय ते निवडायचं: आई, बायको, मुलगा, मुलगी. 'इतर' मी ठेवलंच नाही. 'इतर' म्हणजे आळशी माणसांची सोय. दर कुटुंबाला एक टाकी, आणि यादी आपोआप चौक गावच्या गोदामात.

आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई, नंदा, वाडीत जाऊन दोन दिवसांत सगळे अर्ज भरून आल्या. काल दुपारी गोदामाचा टेंपो दहिवलीला आला आणि मी ऐटीत पुढे बसून वाडीवर गेलो. सगळी वाडी जमली होती. टेंपोवाल्याने ताडपत्री काढली. आत एक टाकी होती.

"बाकीच्या कुठायत?" मी विचारलं.

"यादीत एकच कुटुंब हाय. कमळ्याचं. माणसं एकशे बासष्ट."

माझं डोकंच फिरलं. "नंदाताई, सगळ्यांना एकच नंबर कसा काय दिलात?"

"वाडीत रेंज कमळ्याच्याच फोनला हाय, ती पण वरच्या खडकावर. रेशनचा निरोप, दवाखान्याचा निरोप, समदं त्याच्याच फोनवर येतं. तो खडकावरनं हाका मारतो. अर्ज पण त्याच्याच फोनवरनं भरले. मग दुसरा नंबर कोणाचा देणार?"

"आणि ही नाती?"

"चुलतसासू, मेहुणी, शेजारीण तुमच्या यादीत नव्हती. वय बघून जवळचं दाबलं."

मी यादी पाहिली. कमळ्याला एकोणीस आया आणि अकरा बायका होत्या. त्याची खरी बायको ठकी कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आली.

"माझ्या नवऱ्याला ह्या धा बायका कोणी केल्या रं?"

आता यात माझा काय दोष? मी तसं म्हणणार होतो, पण तेवढ्यात म्हातारी जिजाबाई पुढे आली.

"दादा, माझी सून बाळंतीण हाय. उद्या सकाळी टँकर येनार. टाकी नाय म्हंजी आठ दिस मी वढ्यावरनं पानी वाहायचं. एक टाकी अडतीस घरांत कशी वाटायची, ते तुझ्या यंत्राला इचार."

खरं सांगतो, तिच्याकडे बघून मला लाज वाटली. मी कमळ्याबरोबर खडकावर चढलो आणि त्याच्या फोनवरून गोदामाला फोन लावला.

"तोंडी ऑर्डर घ्यायची नाही असं तुम्हीच सांगितलंय," गोदामवाला म्हणाला. "यादी दुरुस्त करा. आम्ही पाचला बंद करतो."

साडेचार वाजले होते. मी कमळ्याच्याच फोनवर वेबसाइट उघडली. दुरुस्ती करणाऱ्याने आपला नंबर टाकायचा, मग त्यावर कोड येतो. माझ्या फोनला रेंज नव्हती, म्हणून कमळ्याचा नंबर टाकला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'हा नंबर कमळ्याच्या कुटुंबात आहे. कुटुंबप्रमुखाशी आपलं नातं निवडा.'

आई, बायको, मुलगा, मुलगी.

"दाबा की," कमळ्या म्हणाला. खाली जिजाबाई टेंपोपाशी उभी राहून वर बघत होती.

मी 'मुलगा' दाबलं. कोड आला, यादी उघडली, आणि पाचच्या आत मी टाक्यांच्या रकान्यात एकाच्या जागी अडतीस केलं.

अंधार पडायच्या आत सदतीस टाक्या आल्या आणि पहिली जिजाबाईच्या दारात उतरली. कमळ्याचं वय सव्वीस. यादीतल्या त्याच्या नव्या मुलाचं, म्हणजे माझं, एक्केचाळीस. एकदा भरलेलं नातं परत बदलता येत नाही, आणि हा नियमही माझाच आहे!