सात कमानींचा पूल

मुश्ताकचं पहिलं चित्राचं पोस्टकार्ड दुबईत पोचलं, तेव्हा ते त्याच्या बापाच्या आधी नऊ जणांनी वाचून काढलं.

यात कुणाचा दोष नव्हता. १९६५ साली दुबईत घराघरात टपाल टाकणारा पोस्टमन नव्हता. माणूस ज्या ऑफिसात कामाला असे, त्या ऑफिसच्या पोस्टातल्या पेटीत त्याची पत्रं येत. रत्नागिरीजवळच्या एका खाडीवरून उठून दुबईच्या खाडीवर आलेला मुश्ताकचा बाप खैरुद्दीन देरा भागातल्या एका शिपिंग ऑफिसात क्लार्क होता. सकाळी टपालाची थैली टेबलावर रिकामी झाली की बंद पाकिटं निमूटपणे ज्याची त्याला मिळत, पण उघडं कार्ड ही सगळ्यांची मालमत्ता. टायपिस्टपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे अंगठे उमटल्यावर ते खैरुद्दीनकडे आलं.

त्या नऊ जणांत जहूर नसता तर ही गोष्ट घडलीच नसती. जहूरचं खाडीकाठी दोरखंडांचं आणि नांगरांचं दुकान होतं आणि तो बिल घेऊन नेमका त्याच वेळी ऑफिसात टपकला होता. त्याची धाकटी मुलगी बिलकीस मुश्ताकला द्यायची, असं दोन्ही घरांत ठरत आलं होतं. ताजबीने, म्हणजे मुश्ताकच्या आईने, तर मनातल्या मनात तिला केव्हाच सून करून टाकली होती. फक्त मंगणी व्हायची होती. आणि जहूरची थोरली मुलगी अजरा हिचा नवरा दिवसभर केसांना तेल लावून आरशासमोर बसणारा निघाल्यामुळे, जहूर या वेळी फार जपून पावलं टाकत होता.

"खैरुद्दीनभाई," त्याने कार्डावरचा पॅरिसचा लोखंडी मनोरा बोटाने ठोकला, "'शनिवार-रविवार इथे येऊन गेलो. फार मजा आली.' तुमचा पोरगा लंडनला इंजिनियर व्हायला गेलाय का सैर करायला? एक उनाड जावई आहे माझ्याकडे. दुसरा नको."

खैरुद्दीनच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यात त्याने कधी मापात पाप केलं नव्हतं, पण त्या क्षणी तोंडातून निघून गेलं, "सैर कसली, जहूरभाई? प्रॅक्टिकल आहे ते."

"प्रॅक्टिकल?"

"मग! पाच दिवस किताबात शिकायचं, दोन दिवस जाऊन बघायचं. लोखंडाचा एवढा उंच टॉवर उभा कसा राहिला, हे लंडनात बसून कसं कळणार?"

ऑफिसातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. जहूरलाही पटलं. खैरुद्दीन संध्याकाळी घरी आला आणि त्याने ताजबीला कार्ड वाचून दाखवलं, वर प्रॅक्टिकलची गोष्टही सांगितली. ताजबीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने कार्ड हातात घेऊन पुढून पाहिलं, मागून पाहिलं, डोळ्यांना लावलं आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिलं.

एकाच कार्डावर भागलं असतं तर ठीक होतं. पण मुश्ताकला पत्र लिहिण्याचा हुरूप आला होता. तीन आठवड्यांनी हॉलंडातले कालवे आले. तेव्हा "खाडी कशी खणायची त्याचं प्रॅक्टिकल" असं सांगून खैरुद्दीन सुटला. मग स्वित्झर्लंड आलं. बर्फाचा डोंगर, खाली हिरवं कुरण आणि अगदी मधोमध गळ्यात घंटा बांधलेली एक गाय.

"डोंगरात बोगदा आहे," जहूरने विचारायच्या आत खैरुद्दीन म्हणाला. "आतून. दिसत नाही."

"बोगदा समजला. पण गाय?"

खैरुद्दीनने घाम पुसला. "ती मापासाठी उभी केलीय. गाय केवढी ते ठाऊक असतं, त्यावरून डोंगर किती मोठा ते कळतं."

"वा! काय डोकं आहे!" जहूर म्हणाला. दुसऱ्या दिवशी गाय उभी करून डोंगर मोजण्याची विलायती रीत अब्ऱ्यात, म्हणजे होडीत, बसून खाडी ओलांडणाऱ्या प्रत्येक रत्नागिरीकराला ठाऊक झाली होती.

खोट्याचं एक असतं, ते एकटं राहत नाही, गोतावळा करतं. जहूर आता होणाऱ्या जावयाचं कौतुक दुकानात येईल त्याला ऐकवू लागला. खैरुद्दीनच्या साहेबाने धक्क्याची दुरुस्ती काढली होती, तर तोही म्हणाला, "तुझा मुलगा एवढे पूल नि बंदरं बघतो, त्याचा ओपिनियन मागव ना." खैरुद्दीन घाबरला. निदान पुढच्या कार्डात इंजिनियरिंगचं काहीतरी दिसायला हवं, म्हणून त्याने मुलाला घाईघाईने लिहिलं, "बेटा, मजा आली एवढंच लिहीत जाऊ नकोस. जिथे जाशील तिथल्या पुलाच्या कमानी मोजून कळवत जा."

बापाचा शब्द मुश्ताकने पाळला. पुढचं कार्ड जर्मनीहून आलं, नदीवरच्या दगडी पुलाचं. मागे ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "अब्बा, या पुलाला सात कमानी आहेत. मी स्वतः दोनदा मोजल्या."

जहूरने ते मोठ्याने वाचलं. मग कार्ड उलटून चित्रातल्या कमानी बोटाने मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मग टायपिस्टला मोजायला लावल्या.

"खैरुद्दीनभाई, या तर पाच आहेत."



"दोन... पाण्याखाली असतील," खैरुद्दीन म्हणाला.

या वेळी कुणी मान डोलावली नाही. जहूरने कार्ड टेबलावर ठेवलं. "माझा मेव्हणा रफिक पुढच्या आठवड्यात जहाजावर चढतोय. लंडनला त्यांचा मुक्काम आहे. तो शनिवारी-रविवारी मुश्ताकच्या खोलीवर जाऊन येईल. तो सांगेल ते खरं. तोवर मंगणीचं खलास."

ते अडीच महिने खैरुद्दीनने कसे काढले, ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्या काळात आणखी दोन कार्डं आली, पण त्यांवर प्रॅक्टिकल सांगायची त्याला हिंमत झाली नाही. त्याचं जेवण अर्ध्यावर आलं. खाडीच्या खाऱ्या पाण्याने त्याच्या टाचा दरवर्षीच फुटत. त्यांना भिरंडेल, म्हणजे गावाहून आलेलं कोकमाचं गोळ्यासारखं घट्ट तेल, चोळता चोळता ताजबी विचारी, "एवढं काय मनाला लावून घेता?"

"पोरगा नुसता भटकतोय गं, ताजबी. शिकतबिकत नाही. मी लोकांना काय काय सांगून बसलो!"

"माझा मुश्ताक भटकायचा नाही," ती म्हणे, आणि दुसऱ्या टाचेकडे वळे. आईची माया आंधळी असते, असं समजून खैरुद्दीन उसासा टाकी.

रफिक परत आला तो गुरुवारी. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर जहूर त्याला घेऊन थेट खैरुद्दीनच्या घरी आला. ताजबीने सुलेमानी चहा पुढे ठेवला आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"यल्ला, बोल," जहूर म्हणाला. "शनिवारी गेलास?"

"गेलो. खोलीला कुलूप."

"रविवारी?"

"रविवारी पण कुलूप."

जहूरने खैरुद्दीनकडे पाहिलं. खैरुद्दीनने चहाच्या पेल्यात पाहिलं.

"मग घरमालकीण म्हणाली, कोपऱ्यावरच्या हॉटेलात बघ," रफिक सांगू लागला. "मला वाटलं जेवायला गेला असेल. गेलो. तर मागच्या किचनमध्ये बाह्या वर करून हा कोपरापर्यंत साबणाच्या पाण्यात. प्लेटी धूत होता. दर शनिवारी, दर रविवारी, सकाळपासून रात्रीपर्यंत ड्यूटी. लंडनबाहेर एक पाऊल टाकलेलं नाही त्याने."

"आणि ती कार्डं?" खैरुद्दीनने विचारलं.

"कॉलेजातले दोस्त फिरायला जातात, ते याला एकेक कोरं कार्ड आणून देतात. सोमवारी त्यांच्याकडून हकिकत ऐकायची, लिहायची आणि लंडनच्याच पोस्टाच्या डब्यात टाकायची. तो पुलाचा घोटाळा तसाच झाला. सात कमानींची हकिकत एका दोस्ताने सांगितली आणि कार्ड दुसऱ्याने दिलं. याचे झोपेने डोळे मिटत होते, कुठे मोजतोय!" रफिकने चहाचा घोट घेतला. "मला म्हणाला, मामा, अब्बांना सांगू नका. ते पाठवतात त्यात माझं भागत नाही असं कळलं तर ते ओव्हरटाइम करतील. आणि अम्मीने निघताना सांगितलं होतं, दुनिया बघून घे बेटा. तिला वाटू दे मी बघतोय."

प्रॅक्टिकलही गेलं, सैरही गेली. लंडनला शिकायला पाठवलेला मुलगा लोकांची उष्टी काढतो, हे खुद्द व्याह्यासमोर उघडं झालं होतं. खैरुद्दीन मान वर न करता म्हणाला, "जहूरभाई, तुम्ही म्हणाल ते मला कबूल आहे."

जहूरने पेला खाली ठेवला. "मी पहिल्यांदा जहाजावर चढलो तेव्हा काय होतो, माहीत आहे? स्वयंपाक करणाऱ्या भंडाऱ्याच्या हाताखाली तीन वर्षं भांडी घासली. बिलकीसच्या अम्मीलासुद्धा अजून सांगितलेलं नाही." त्याने रफिककडे बोट रोखलं. "तू पण सांगायचं नाही." मग तो खैरुद्दीनकडे वळला. "टॉवर बघत फिरणाऱ्याला मुलगी द्यायला माझा जीव होत नव्हता, हबीबी. भांडी घासणाऱ्याला देतो. ईदनंतर मंगणी. इन्शाल्ला."

पाहुणे गेले. खैरुद्दीनने बिस्किटांचा डबा उघडला आणि सगळी कार्डं चटईवर मांडली. त्याला हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

"सहा कार्डं, ताजबी! सहा वेळा फसवलं आपल्याला पोराने. ऑफिसात एवढे शिकलेले लोक, कुणाच्या ध्यानात आलं नाही."

"मला माहीत होतं," ताजबी म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"कुठे जात नाही ते." ती खाली बसली आणि एकेका कार्डाच्या कोपऱ्यावर बोट ठेवत गेली. "ही बघा इंग्रजांची राणी. ही बघा. इथे पण तीच. दोन वर्षांपूर्वीपर्यंत इथे दुबईच्या तिकिटांवर हीच होती ना? मी ओळखते तिला. पॅरिसला गेला, डोंगरावर गेला, तिथे दुसरी कुणी राणी नको? दुसऱ्या कार्डालाच मला कळलं."

नऊ जणांनी अक्षरं वाचली होती, कमानी मोजल्या होत्या, गाय मोजली होती. तिकिटाकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

"मग बोलली का नाहीस? मी अडीच महिने झोपलो नाही!"

"तो भटकत नाही, हे रोज सांगत नव्हते का? तुम्ही ऐकलं कुठे?" ताजबी म्हणाली. "आणि त्याने मला खूश करायला एवढा खटाटोप केला. मला कळलंय हे त्याला कळलं असतं, तर त्याला किती वाईट वाटलं असतं." तिने कार्डं गोळा करून पुन्हा डब्यात ठेवली. "पण भांडी घासतो ते मला माहीत नव्हतं हो. एवढ्या थंडीत."

पंधरा दिवसांनी व्हेनिसचं कार्ड आलं. ऑफिसात नेहमीप्रमाणे ते सगळ्यांनी वाचलं. "हे कसलं प्रॅक्टिकल?" टायपिस्टने विचारलं. "मेहनतीचं," खैरुद्दीन म्हणाला आणि कार्ड खिशात ठेवलं. रात्रीच्या जेवणाआधी त्याने ते ताजबीला वाचून दाखवलं, अगदी होडीच्या वर्णनासकट, आणि तिने ते पहिल्याइतक्याच आनंदाने ऐकलं. मग तो उत्तर लिहायला बसला.

"लिहा," ताजबी म्हणाली. "बेटा, व्हेनिस बघितलंस, फार बरं वाटलं. तिथे सगळीकडे पाणीच पाणी असतं म्हणे. पाण्यात फार वेळ हात ठेवू नकोस. रफिकमामाबरोबर भिरंडेलाचे चार गोळे पाठवते आहे. रोज झोपताना हातांना चोळ."

खैरुद्दीनचं पेन थांबलं. त्याने डोळे पुसले, तिने सांगितलं तसं सगळं लिहिलं आणि खाली आपली एक ओळ जोडली, "यापुढे कमानी मोजायची जरुरी नाही." मग ते पत्र त्याने पाकिटात घातलं आणि पाकीट चारही बाजूंनी नीट चिकटवून टाकलं.