सोलरला दुहेरी अस्तर

त्या दिवशी सकाळपासूनच ऊन कडक होतं. वारा नावाला नव्हता, आणि समोरचा रस्ता खणून ठेवल्यामुळे उडालेली धूळसुद्धा खाली यायला कंटाळत होती. अशा उन्हात मास्तरांच्या हातात विजेचं बिल पडलं.

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले शिंपी. त्यांनी बिल वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि मशीन बंद केलं.

"हा काय न्याय झाला?" ते बिलालाच म्हणाले. "एक मशीन, एक इस्त्री, दोन पंखे! आम्ही काय इथे गिरणी चालवतो?"

आतून मास्तरीणबाई म्हणाल्या, "ते राहू द्या. कूलर कधी लावताय?"

कूलर घरात होता. पण बिलाच्या धास्तीनं मास्तरांनी त्याला फुलाफुलांची खोळ शिवून कोपऱ्यात बसवला होता. (त्यांच्या घरात मिक्सरला खोळ, टीव्हीला खोळ, टीव्हीच्या रिमोटलाही खोळ. बिनखोळीची तेवढी दोन माणसं उरली होती.) बाईंची खोली बरोबर गच्चीच्या खाली. तिथे बसून त्या काजं-बटणं करायच्या, तेव्हा घामानं हातातली सुई निसटायची.

"त्या उन्हानंच छळलंय ना आपल्याला?" मास्तर कडाडले. "आता त्याच्याकडूनच वीज काढतो. सोलर बसवतो!"

"अहो, परवडतं का ते कुणाला विचारा तरी."

"विचारायचं काय त्यात? ऊन काय मीटर लावून येतं?"

"बघा बाई. पण या उन्हाळ्यात कूलर चालला नाही, तर मी सरळ ताईकडे जाऊन राहीन. तिच्याकडे दोन आहेत."

सोलर बसला. काळीभोर, चकचकीत पॅनेलं गच्चीवर ओळीनं उभी राहिली. जाताना सोलरवाला म्हणाला, "मास्तर, एकच सांभाळा. काचेवर धूळ बसू द्यायची नाही. धूळ बसली की वीज गेली."

झालं! मास्तर टेप घेऊन पुन्हा वर गेले. खाली रस्ता खणलेला, दिवसभर डंपरची ये-जा. धूळ बसू द्यायची नाही म्हणजे काय करायचं, हे शिंप्याला का शिकवायला हवं? त्यांनी जाड निळं कापड काढलं, कडेनं पांढरी गोट लावली, कोपऱ्यांना नाड्या दिल्या आणि आतून दुहेरी अस्तर टाकलं. दुहेरी अशासाठी, की त्यांचा हिशेब इस्त्रीचा होता. इस्त्री एकदा तापली की बराच वेळ गरम राहते. तेव्हा पहाटे पॅनेलं उघडी ठेवायची, कोवळ्या उन्हात तापवून घ्यायची आणि डंपर सुरू झाले की खोळ घालायची. मधून मधून ते खोळीत हात घालून बघत. चटका बसला की खूश होऊन खाली येत. "चालू आहे हो!"

मग त्यांनी स्वतःच्या हातानं कूलरची खोळ काढली. "लाव. रात्रंदिवस लाव. आता आपण विजेचे मालक!"

महिन्यानं बिल आलं. आधीच्यापेक्षा मोठं.

मास्तरांचे कान लाल झाले. "दरोडा आहे हा! ऊनसुद्धा भेसळीचं यायला लागलं की काय?" त्यांनी कूलर बंद करून पुन्हा खोळीत घातला. बाईंनी माळ्यावरची बॅग खाली काढली. ती बॅग बघून मास्तरांनी घाईघाईनं सोलरवाल्याला फोन लावला.

"पॅनेलांवर सावली पडते का?" त्यानं विचारलं.

"अहो, आसपास झाडच नाही!"

"धूळ?"

"कण दाखवा, हजामत करून घेईन मिशांची!"

"मग ऊन कमी असेल."

"ऊन कमी? या, अनवाणी उभे राहा माझ्या गच्चीवर!"

सोलरवाला भर दुपारी आला. वर चढला आणि नुसता बघत राहिला. पाठोपाठ मास्तर, त्यांच्यामागे बॅग घेऊनच बाई.

"मास्तर, पॅनेलं कुठायत?"

"आत."

"आत कुठे?"

"खोळीत. हात घालून बघा, कशी गरम आहेत."

"गरम नाही करायची ती! उजेड पडायला पाहिजे त्यांच्यावर. दिवसभर!"

"मग हे आधी सांगायला काय तोंड दुखत होतं?" मास्तरांचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. "धुळीचं सांगितलंत ना? तसं उजेडाचंही सांगायचं! आम्ही नाही गिऱ्हाइकाला सांगत, कापड पहिल्या वेळी वेगळं धुवा म्हणून?"

"सांगता. पण पायजमा डोक्यातून घालू नका, असं सांगता का?"

बाई बॅगेवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग खाली जाऊन त्यांनी कूलर लावला आणि त्याच्या खोळीचं पायपुसणं केलं. बॅग माळ्यावर चढवायचं काम मास्तरांना लागलं.

पुढचं बिल एवढुसं आलं. आता मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून सोलरचं महत्त्व सांगू लागले. (खोळीचं प्रकरण सोडून.) कोणी शंका काढली की चिडायचे, "अहो, समजून वापरलं पाहिजे! लोकांना अक्कल नको?"

समोरच्या घरात राहणाऱ्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या काकांनी ते मनावर घेतलं आणि आपल्याही घरी सोलर बसवला. संध्याकाळी ते सदऱ्याची झिजलेली कॉलर उलटवून घ्यायला मास्तरांच्या दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मास्तर, माणूस मोठा चोख दिलात तुम्ही. बसवून झाल्यावर त्यानं मला हाताला धरून वर नेलं आणि तीनदा बजावलं, काका, दिवसा याच्यावर खोळ घालायची नाही. मी म्हटलं, अरे, असा शहाणा तुला भेटला तरी कुठे? तर नाव काही सांगेना. एवढंच म्हणाला, शिवण मात्र एक नंबर होती."