दीड फुटावरची खिडकी

कूलरच्या खिडकीचं मापसुद्धा पुष्करच ठरवणार, हे कळलं त्या दुपारी मार्तंडरावांनी डबा उघडलाच नाही. डब्यात भरली वांगी होती. त्यावरून त्यांच्या मनाला किती लागलं असेल, ते समजून घ्यावं.

बाबाराव बिल्डरांच्या नागपुरात चार साइट चालू होत्या आणि चारही ठिकाणी दारं-खिडक्या मिस्त्रीच्या मनाला येईल त्या मापाच्या. एकीकडचं दार दुसरीकडे बसायचं नाही. शेवटी वैतागून बाबारावांनी फर्मान काढलं, सगळ्या मापांचं एकच पुस्तक करायचं. दार, ओटा, बाथरूमची पायरी, जे पुस्तकात असेल तेच बांधायचं, साइटवर कोणी डोकं चालवायचं नाही. बावीस वर्षं नोकरी झालेल्या मार्तंडरावांना वाटलं, हे काम आपल्याकडेच येणार. पहिल्या पानावर आपलं नाव कसं दिसेल, तेही त्यांनी डायरीत लिहून पाहिलं होतं. काम मिळालं दोन वर्षांपूर्वी लागलेल्या पुष्करला.

"सर, कूलरची खिडकी जमिनीपासून तीन फुटांवर घेतली. बरोबर आहे ना?" पुष्करने विचारलं. एक तर काम पळवतो आणि वर अदबीने विचारतो, याचा मार्तंडरावांना जास्तच राग आला.

"मले काहून विचारून राहिला? पुस्तक तुझं, नाव तुझं."

त्याच संध्याकाळी पुष्कर मावसबहिणीच्या लग्नाला काटोलला गेला आणि जाताना कॉम्प्युटर तसाच उघडा ठेवून गेला. मार्तंडराव हळूच त्याच्या खुर्चीत बसले. तीनचं त्यांनी दीड केलं. आता कूलर येणार गुडघ्याशी, लोक घालणार शिव्या आणि त्या खाणार पुष्कर! घरी जाऊन त्यांनी डब्यातली वांगी गरम करून मिटक्या मारत खाल्ली.

पुष्कर परत येईपर्यंत पुस्तक छापून साइटवर पोचलंही होतं. रुपराव मिस्त्रीचा फोन मार्तंडरावांनीच घेतला.

"साहेब, दीडच फूट? या कूलरची हवा काय मांजरीले द्यायची हाय?"

"पुस्तकात काय लिहिलं आहे?"

"दीड."

"मंग? डोकं चालवू नको."

रुपरावने डोकं चालवलं नाही. साठ फ्लॅटच्या साठ खिडक्या दीड फुटावर बसल्या आणि वर प्लास्टरही झालं. तेव्हा कुठे बाबाराव साइटवर आले, आणि आले ते कडाडलेच.

"साहेब, मी तीनच लिहिलं होतं. कोणीतरी बदललं," पुष्कर रडकुंडीला आला.

"कोणी हात लावला फायलीले? सगळे लिहून द्या मले! अन् पुष्कर, उन्हाळ्यात एक जरी तक्रार आली ना, तू घरी!"

सगळ्यात आधी मार्तंडरावांनी लिहून दिलं. 'सदर मापाशी माझा कोणताही संबंध नाही.' खाली सही केली आणि 'कोणताही' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

मग ते मे महिन्याची वाट पाहू लागले. लोक थंडाव्याची वाट पाहतात, हे उकाड्याची पाहत होते. ऊन सत्तेचाळीसवर गेलं, तशी एका सकाळी त्या साठ फ्लॅटपैकी एकात राहायला आलेल्या कामिनीताई नावाच्या बाई चार शेजारणी घेऊन ऑफिसात आल्या. मार्तंडराव खुर्ची पुढे ओढून बसले.

"जुन्या घरी आठ वर्षं स्टुलावर चढून कूलर भरला मी," कामिनीताई म्हणाल्या. "आता उभ्या उभ्या पाइप सोडते. अन् खाली गादी टाकली का थेट अंगावर हवा! कोणाचं डोकं हो हे?"

बाबाराव खूश. आता सगळ्या साइटवर दीड फूट, आणि शनिवारी पुष्करचा सत्कार!

"पण साहेब, ते माप माझं नाहीच," पुष्कर म्हणाला.

"पाहा, पोरगं किती साधं आहे!"

मार्तंडरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. आपली खोडी, आपली युक्ती आणि शाल त्याला! न राहवून ते उठले. "साहेब, खरं सांगू का, ते माप म्हणजे..."

"तुमचं तर नाहीच, मार्तंडराव," बाबारावांनी फाइलीतून कागद काढला. "तुम्हीच लिहून दिलं. दोन रेघा मारून. बसा! अन् शाल तुम्हीच घाला त्याले, सगळ्यात सीनियर तुम्ही."

शनिवारी त्यांनी शाल घातली. नारळही दिला. फोटोत त्यांचा चेहरा पित्त झाल्यासारखा आला आहे.

घरी बायकोने, सुमतीबाईंनी, तो फोटो दोनदा पाहिला. "किती हुशार पोरगं हो! एवढी सोपी गोष्ट, तुम्हाले बावीस वर्षांत काहून नाही सुचली?"

मार्तंडरावांनी फोटो पालथा घातला.

"बसून काय राहिले? कूलर सुकला. चढा."

मार्तंडराव बादली घेऊन स्टुलावर चढले. त्यांच्या घरची खिडकी पाच फुटांवर होती. हे माप मात्र त्यांचंच होतं, आणि त्याबद्दल आजवर कोणाला शंका आली नव्हती.