एका समाधानी गृहिणीचा अभिप्राय

"ही बाई कोण?"

बायकोने आपला फोन ताटाच्या कडेला टेकवून उभा केला आणि विचारलं. मशीनवाल्यांचा घास हातातच राहिला. फोनवर त्यांची नवीकोरी वेबसाइट उघडलेली होती. वर त्यांचा फोटो, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पाना, चेहऱ्यावर पासपोर्टला शोभेल असं गांभीर्य. त्याखाली फोन नंबर. आणि त्याच्याही खाली, गुलाबी चौकटीत, एक अभिप्राय.

"वाचा," बायको म्हणाली. "मोठ्याने वाचा."

मशीनवाल्यांनी चष्मा लावला. "कित्येक वर्षं माझं मशीन आखडलेलं होतं. कुणी नुसता हात लावला तरी कण्हायचं. यांनी पहिल्याच भेटीत मशीनाच्या सगळ्या नसा अशा मोकळ्या केल्या, की ते पिसासारखं हलकं झालं. यांच्या हातांत जादू आहे. आता दर बुधवारी मी यांची वाट पाहते. एक समाधानी गृहिणी."

"कोण ही?"

"असेल कुणीतरी गिऱ्हाईक."

"कुणीतरी? ती दर बुधवारी तुमची वाट बघते आणि तुमच्या लेखी ती कुणीतरी?"

बायकोच्या तोंडून 'बुधवार' हा शब्द कानावर पडला मात्र, मशीनवाल्यांना असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला, पण नजर काही काढली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला नवऱ्याचा कोणता ठसका तिखटाचा आणि कोणता कशाचा, हे बरोबर कळतं.

मशीनवाले कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त करत. माणूस सरळ, बोलणं कमी, काम स्वच्छ. पण हल्ली लोक शेजाऱ्याला विचारायचं सोडून फोनला विचारायला लागले होते आणि फोनला मशीनवाले माहीतच नव्हते. दुकानात माशा मारायची वेळ आली, तेव्हा बायकोनेच पुढाकार घेऊन आपल्या धाकट्या भावाला कामाला लावलं. हा मेव्हणा तिशी ओलांडून गेला तरी अजून 'काहीतरी करणार' होता. वेबसाइट बनवायचा कोर्स केला होता एवढंच. तो मागच्या गल्लीत खोली घेऊन एकटा राही आणि दोन्ही वेळा ताईकडे जेवे.

"वेबसाइट नुसती असून चालत नाही, भाऊजी. प्रभावी लागते," त्याने सांगितलं होतं. "फोटो पाहिजे, नंबर ठळक पाहिजे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गिऱ्हाइकांचे अभिप्राय पाहिजेत. त्याशिवाय लोक विश्वास ठेवत नाहीत."

मशीनवाल्यांनी बिचकत बिचकत चार गिऱ्हाइकांना विचारून पाहिलं. एकजण म्हणाला, "मशीन चालतंय की. आता त्यावर निबंध लिहू का?" दुसरा लिहून देतो म्हणाला आणि मग त्याने फोन उचलणंच बंद केलं. शेवटी मेव्हणा म्हणाला, "तुम्ही नका काळजी करू, मी बघतो."

आणि त्याने बघितलं. कोर्सबरोबर त्याला नमुन्याचे अभिप्राय मिळाले होते. केशकर्तनालय, मालिश केंद्र, सामान हलवणारे वगैरे. मशीन दुरुस्तीचा नमुना काही त्यांत नव्हता. त्यातल्या त्यात काळजाला हात घालणारा अभिप्राय मालिशवाल्याचा होता. मेव्हण्याने तो उचलला, कॉम्प्युटरला आज्ञा दिली की जिथे जिथे 'शरीर' असेल तिथे तिथे 'मशीन' कर, आणि ताईकडे जेवायला निघून गेला. परत वाचून बघावा असं त्याला वाटलं नाही. परत वाचायची सवय असती तर तो एव्हाना कुठल्या कुठे पोहोचला असता.

राहता राहिला बुधवार. बुधवारी दुकान बंद असे आणि मशीनवाले 'सुटे भाग आणायला' बाहेर पडत. ते जात मात्र मेव्हण्याच्या खोलीवर, कॅरम खेळायला. पूर्वी एकदा कॅरमच्या नादात ते बायकोला दवाखान्यातून आणायला विसरले होते. ती पायाला प्लास्टर घालून दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली, दिवे लागले तरी. त्या दिवशी त्यांनी कॅरमला हात लावणार नाही अशी शपथ घेतली होती. शपथ ताईसमोर घेतली होती आणि मोडली होती ताईच्या भावासोबत. त्यामुळे दोघांचीही तोंडं शिवलेली.

ताबडतोब मेव्हण्याला बोलावणं गेलं. तो आला, बहिणीचा चेहरा पाहिला आणि चप्पल न काढता दारातच उभा राहिला.

"कुणी लिहिलंय हे?"

"ताई, तसं नाव सांगता येत नाही. नियम असतो."

"कुणाचा नियम?"

"इंटरनेटचा."

"इंटरनेटला सांग, उद्यापासून जेवायला तिकडेच येतो म्हणावं."

खरं सांगावं, तर 'माझ्या भावाने स्वतःच्या डोक्याने वेबसाइट बनवली' असं ताईने गल्लीभर सांगून ठेवलेलं. नकलेचं नाव काढलं असतं तर जेवण बंद झालंच असतं, वर गल्लीत नाचक्की. "आठवून सांगतो," असं पुटपुटत तो उलट्या पावली पसार झाला.

मशीनवाल्यांनी त्याला जिन्यात गाठलं. "अरे, कोण आहे ती? मला तरी सांग."

"तुमचं गिऱ्हाईक आहे, भाऊजी. तुम्हीच आठवा ना," मेव्हणा म्हणाला आणि सुटला.

आणि मशीनवाले खरोखर आठवू लागले! इतक्या वर्षांच्या कामात त्यांच्या हातांना कुणी चांगलं म्हटलं नव्हतं; "पाय पुसून आत या" एवढंच काय ते ऐकलेलं. आणि आता कुठल्याशा घरात कुणीतरी म्हणतंय की यांच्या हातांत जादू आहे. ते मनातल्या मनात एकेका न्हाणीघरात डोकावून आले. ती दुसऱ्या मजल्यावरची तर नव्हे? की ती, जिच्या ड्रममध्ये चमचा अडकला होता? आठवता आठवता ते आरशासमोर उभे राहिले आणि सकाळपासून दुसऱ्यांदा भांग पाडला. बायकोने ते पाहिलं. मग तिने भांडी जरा जोरात ठेवली.

त्याच दिवसापासून दुकानाचा फोन तिने आपल्या ताब्यात घेतला. फोन आला की ती आधी आवाज ऐके. बाईचा असला तर तिच्या कपाळावर आठी पडे. दुपारी एका पुरुषाचा फोन आला, तेव्हा तिला जरा हायसं वाटलं.

"ते हातात जादूवाले आपणच का?" पलीकडून एक थकलेला आवाज आला.

"हो. काय तक्रार आहे?"

"आखडलंय हो. सकाळी तर जागचं हलत नाही."

"किती किलोचं आहे?"

"ब्याण्णव."

"ब्याण्णव! तुमची लाँड्री आहे का?"

"नाही, निवृत्त आहे. घरीच असतो."

"बरं. आवाज येतो का?"

"वाकलं की येतो. कट्‌कन."

"पाणी साचतं?"

"डाव्या गुडघ्यात थोडं आहे म्हणाले डॉक्टर."

बायकोने फोन दुसऱ्या कानाला लावला. "किती वर्षं वापरात आहे?"

"चौसष्ट पूर्ण झाली. तेल माझं मी आणीन. फक्त घरी येऊन चोळून द्यावं, एवढंच."

बायकोने फोन ठेवला. मशीनवाले आत आले तेव्हा ती थंड आवाजात म्हणाली, "तुम्ही लोकांच्या घरी जाऊन नेमकं करता काय?"

"मशीन दुरुस्त करतो."

"उद्यापासून मी बरोबर येणार."

"अगं, पण हत्यारांची पिशवी असते, जागा..."

"पिशवी मी धरीन."

दुसऱ्या दिवशी ती खरंच स्कूटरवर मागे बसली, पिशवी मांडीवर घेऊन. पहिलंच काम एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे होतं. दार उघडलं आणि बायकोने बाईंना आपादमस्तक न्याहाळलं. बाईंनीही तिला न्याहाळलं. त्यांचा अनुभव दांडगा होता. बायकोची नजर आपोआप खाली गेली.

"मशीन पळतं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "कपडे पिळायला लागलं की न्हाणीघरातून थेट बाहेर येतं. मी दोरीने बांधून ठेवलंय."

खरंच, मशीन दोरीने नळाला बांधलेलं होतं, शिक्षा झाल्यासारखं. मशीनवाले खाली बसले. त्यांनी मशीनवर तळहात ठेवला, ते चालू केलं आणि कान देऊन ऐकू लागले. बायको दारात उभी राहून त्यांच्या हाताकडे डोळ्यांत तेल घालून पाहत होती.

"आपणही यांच्याबरोबर दुरुस्ती करता?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"नाही. मी लक्ष ठेवते."

"उत्तम. कुणीतरी ठेवायलाच हवं. ती तुमची वेबसाइट वाचली मी. 'मशीनाच्या' म्हणे! मशीनच्या म्हणतात. आणि मशीनला नसा असतात का? कण्हतं काय, पिसासारखं हलकं होतं काय! पिसासारखं हलकं झालं तर ते पिळताना उडून जाईल. कुणी लिहिलंय हे?"

"तेच तर मला हवंय!" बायको एकदम उसळली. "कोण ती बाई, कुठे राहते, आणि दर बुधवारी..." पुढचं तिला बोलवेना. पिशवी छातीशी धरून ती तिथल्याच स्टुलावर बसली आणि तिचे डोळे भरून आले.

मुख्याध्यापिकांनी चष्मा पुसला. आयुष्यभर मुलांच्या वह्यांमध्ये कुणी कुणाचं बघून लिहिलंय, हे त्यांनी पकडलं होतं. "इकडे द्या तो फोन," त्या म्हणाल्या. "आता मी वाचते तसं ऐका. मशीन म्हणायचं नाही, शरीर म्हणायचं. 'कित्येक वर्षं माझं शरीर आखडलेलं होतं. कुणी नुसता हात लावला तरी कण्हायचं.' पुढे? 'शरीराच्या सगळ्या नसा अशा मोकळ्या केल्या'. ही मालिशवाल्याची जाहिरात आहे, बाई. कुणीतरी उतरवून घेतलीय आणि शब्द बदललाय. बदलताना डोकं वापरलेलं नाही."

बायकोच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी ते ब्याण्णव किलोचे गृहस्थ आणि आपला धाकटा भाऊ उभे राहिले.

"म्हणजे ती बाई नाहीच?"

"नाही."

ती हसायला लागली. पदराने डोळे पुसत, पिशवीवर डोकं टेकून हसत राहिली. हसता हसता तिचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. मशीनवाले पाना हातात घेऊन तसेच बसले होते, आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे... कुणी लिहिलंच नव्हतं तर," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी मान खाली घातली आणि मशीनचा एक पाय आखूड झाला होता तो फिरवून बाकीच्यांच्या बरोबरीला आणला. मशीन पुन्हा लावलं. ते जागच्या जागी, शहाण्या मुलासारखं फिरू लागलं. मुख्याध्यापिकांनी दोरी सोडून घडी घातली.

"हातात जादूबिदू काही नाही," त्या म्हणाल्या. "काम चोख आहे."

"हे एवढंच लिहून द्याल?" बायकोने चटकन विचारलं.

"देते. शुद्धलेखनासकट."

परतताना बायको मागे बसली ती एक हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवून. बऱ्याच वर्षांनी ठेवला होता. मशीनवाल्यांना स्कूटर जरा हळूच चालवावीशी वाटली.

"मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "मुख्याध्यापिका बाई असं उगाच कुणाला म्हणत नसतील. आणि मी पण काय, भलतंच घेऊन बसले. त्याला बघते मी घरी गेल्यावर. आपलं डोकं वापरायचं नाही, लोकांचं उतरवायचं!"

"जाऊ दे गं. तुझ्यासाठीच केलं त्याने."

"ती बाई खोटी, तिचं मशीन खोटं, तिचा बुधवारही खोटा. आणि मी इकडे जीव जाळतेय."

"तर काय!" मशीनवाले मोकळेपणाने हसले.

स्कूटर चौकातून वळली. खांद्यावरचा हात हलकेच निघाला.

"अहो."

"काय?"

"बुधवार खोटा होता, तर तुम्हाला ठसका कशाने लागला?"

स्कूटर डावीकडे गेली, उजवीकडे गेली आणि एका बंद दुकानासमोर थांबली. मशीनवाल्यांनी मागे वळून पाहायचं टाळलं. खोटं बोलायला वेळ लागतो आणि त्यांच्याकडे तो नव्हता. त्यांनी समोरच्या कुलपाकडे पाहत सगळं सांगून टाकलं. सुटे भाग, मागची गल्ली, मेव्हण्याची खोली, कॅरम.

बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "यापेक्षा ती बाई परवडली असती."

त्या संध्याकाळी मेव्हण्याला ताईने आग्रह करकरून पोटभर जेवू घातलं, म्हणून तो फार घाबरला. जेवण झाल्यावर तिने त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिली. गुलाबी चौकट गेली. तिथे 'हातात जादू नाही, काम चोख आहे' असं आलं, खाली मुख्याध्यापिकांच्या हुद्द्यासह. मग ताईने कामाचे वार वाचले आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. मेव्हण्याने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी छताकडे पाहिलं.

वेबसाइट हळूहळू खरोखरच प्रभावी ठरली. जादूला भुलणारे दूर झाले आणि चोख काम हवं असलेले फोन करू लागले. फोन अजून बायकोच उचलते. आवाजही आता गोड लागतो तिचा, विशेषतः एका वाराच्या बाबतीत.

"बुधवारी? येतील ना! सकाळी बोलवा, दुपारी बोलवा, संध्याकाळी बोलवा, केव्हाही बोलवा. बुधवारी त्यांना दुसरं काहीच काम नसतं. आणि मदतीला माझा भाऊ येईल, पिशवी धरायला."