केसानं गळ

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आंजी मोठी या आमच्या गावात आणि आसपासच्या पाच गावांत केसानं गळ बांधणारा माणूस एकच आहे, आणि तो मी! बाकीचे लोक गळाच्या टोकाला कणकेची गोळी खुपसतात आणि पाण्यात सोडतात. मासा काय खुळा आहे? ओठाला लोखंड लागलं की थुंकून मोकळा. माझं तसं नाही. माझ्या गळाचं टोक उघडं. त्याच्या मागं केसाएवढा बारीक दोरा आणि त्या दोऱ्यात गोळी ओवलेली. मासा गोळी ओढून घेतो, तिच्यामागून गळ आपसूक तोंडात शिरतो. नवरीमागून करवली बोहल्यावर चढते तसा.

ही विद्या मी झेरॉक्सच्या दुकानात बसून, गिऱ्हाईक नसताना, मोबाईलवर शिकलो. गिऱ्हाईक नसतंच, त्यामुळं चांगली शिकलो. लांब रॉड आला, चरखी आली, शिशाची वजनं आली. आमिषाचं माझं स्वतःचं संशोधन: सरकीची ढेप, कणीक, गूळ, वेलची आणि चिमूटभर हिंग. गोळ्या वळून बायकोच्या कुकरात उकडल्या. जयानं तो कुकर त्याच दिवशी मला देऊन टाकला.

मासा अजून लागला नव्हता. पण तो तपशील झाला.

त्या रविवारी गावाबाहेरच्या तलावावर उतरायचं ठरलं होतं. तिथं एक म्हातारा रोहू आहे. पाठीनं काळा, चालीनं संथ, पाटलासारखा. माझा मित्र ओमप्रकाश त्याला दहा किलोचा म्हणतो. ओमप्रकाशला सगळी पद्धत कळावी म्हणून मी सकाळीच आमच्या मासेवाल्या ग्रुपवर लिहायला बसलो. तीन माणसांचा ग्रुप, पण माझ्या मोबाईलमध्ये तो नेहमी सगळ्यांत वर. वरच्या नावावर बोट ठेवलं आणि सुरू झालो.

पहिलं वाक्य लिहिलं: ‘मासा मोठा आहे, घाई नको, आधी दोनदा गोड चारून सवय लावायची.’

दुसरं: ‘तोंड उघडलं की केसानं गळ लावायचा.’ इथं माझा मोबाईल माझ्यापेक्षा मराठीत हुशार निघाला. ‘केसानं गळ’ एवढं वाचून त्यानं पुढचं स्वतःच सुचवलं, माझं बोट घसरलं आणि गेलं काय, तर ‘तोंड उघडलं की केसानं गळा कापायचा.’

तिसरं: ‘अडकला की लगेच ओढायचं नाही. ढील द्यायची, दमवायचं. आपोआप काठाला येतो. मामाजी मागं जाळं घेऊन उभे राहतील.’

मामाजी म्हणजे माझे सासरे रूपराव. तळेगावहून दोन दिवसांसाठी आले होते आणि जाळं धरायला आनंदानं तयार झाले होते.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझी आई जात्यावर गायची. तिच्या दळणातलं पीठ सगळ्या भावंडांनी खाल्लं, ओव्या मात्र माझ्या एकट्याच्या अंगी लागल्या. सकाळची वेळ, मनात तो रोहू. सुचलीच.

खोल खोल बसला, माझा सावळा राजस
त्याले वेलचीचा घास, मागं केसाचा गं फास

तीही पाठवली. आणि चहा मागितला.

चहा आला नाही, जया आली. हातात तिचा मोबाईल. चेहरा असा, की मी आधी पायातल्या चपलेकडे पाहिलं, चिखल घेऊन घरात आलो की काय.

“हे तुम्ही कोणाले लिवून राह्यले, पाह्यलं का?”

पाहिलं. त्या दिवशी मासेवाल्यांचा ग्रुप वर नव्हताच. समुद्रपूरच्या शकुंतलाबाईंनी सकाळी सहालाच गुलाबाचं फूल आणि सुविचार टाकल्यामुळं वर आला होता तो ‘काजल-धीरज शुभमंगल’.

आता काजल कोण ते सांगतो. काजल जयाची धाकटी बहीण. वर्ध्याला नोकरी करते आणि आमच्याकडेच राहते. धीरज समुद्रपूरचा, शकुंतलाबाईंचा मुलगा; त्याच्या वडिलांचं, मधुकररावांचं बी-बियाण्यांचं दुकान. सोयरीक जवळजवळ जुळलेली. मंडळी दोनदा आमच्याकडे येऊन गेली आणि दोन्ही वेळा जयानं बासुंदी केली होती. मधुकररावांनी डॉक्टरांचं न ऐकता चार-चार वाट्या घेतल्या होत्या. आणि धीरज सावळा आहे. चांगलाच सावळा.

आता ती चार वाक्यं पुन्हा वाचा. मीही वाचली.

“पुसा आधी,” जया म्हणाली. मी घाईघाईनं पुसलं. मोबाईलनं काहीतरी विचारलं, मी हो म्हणालो. मजकूर गेला! सुटकेचा श्वास टाकला तर जयानं तिचा मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. तिच्याकडे सगळं जसंच्या तसं. मी ते फक्त माझ्यापुरतं पुसलं होतं. म्हणजे आता जगात तो मजकूर न दिसणारा माणूस मी एकटाच.

तेवढ्यात ग्रुपवर मधुकररावांचं उत्तर आलं. दोनच शब्द. ‘येऊन राह्यलो.’

समुद्रपूरहून आमच्या गावाला यायचं तर दोन बस बदलाव्या लागतात. त्यात भल्याभल्यांचा राग उतरतो. मधुकररावांचा उतरला नव्हता, उलट वर्ध्याच्या स्टँडवर तासभर उभं राहून चांगला मुरला होता. पांढरी टोपी, मागं शकुंतलाबाई, त्यांच्या मागं धीरज. पाणीही घेतलं नाही. बासुंदीचं तर कुणी नावही काढलं नाही.

मी सगळं सांगितलं. रॉड दाखवला, चरखी फिरवून दाखवली, केसाचा दोरा दाखवला. मामाजींनी बिचाऱ्यांनी जाळं आणून दाखवलं, त्यानं मामला जास्तच बिघडला. शकुंतलाबाई म्हणाल्या, माशाले कोनी राजस म्हनते का? मी म्हणालो, मी म्हणतो. त्यांनी जयाकडे फार दयेनं पाहिलं.

मधुकररावांनी तो गळ बोटांत धरून उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, “केसानं मासे धरतेत, हे माह्या बापानंबी आइकलं नाई. चला तलावावर. धरून दाखवा. मासा निंघाला तर सोयरीक, नाई निंघाला तर आमी हे चाललो.”

निघताना काजलनं मला दाराआड गाठलं. ही पोरगी एरवी माझ्या रॉडला कपडे वाळत घालते. पण आज तिच्या डोळ्यांत पाणी होतं, काठापर्यंत आलेलं.

“भाऊजी, एक तरी धरजा. मी बोलते ना, तवा धीरज त्याचा मोबाईल उपडा ठेवते. असा दुसरा नाई भेटत.”

मी हो म्हणालो. आतापर्यंत किती धरले ते तिनं विचारलं नाही, हे तिचे उपकार.

तलावाच्या काठावर दोन्ही घरं उभी राहिली, साखरपुड्याला उभी राहावीत तशी. फक्त कुणी हसत नव्हतं. मी गोळी ओवली, रॉड मागं घेतला आणि सगळा जोर लावून फेकला. शिशाचं वजन सुंदर गेलं. दोरा मात्र इथंच राहिला.

दुसऱ्यांदा बांधलं. या वेळी रॉड मागं नेताना काहीतरी जड लागलं, पण आता थांबायचं कसं? फेकला. दोरा सरसरत गेला, आणि त्याच्या टोकाशी मधुकररावांची टोपी! तलावाच्या मध्यावर ती अलगद उतरली, बगळ्यासारखी. थोडा वेळ तरंगली आणि बुडाली. मधुकररावांनी डोक्यावरून हात फिरवला.

तिसरी फेक नीट पडली. अर्धा तास गेला. धीरज काजलकडे बघत होता, काजल पाण्याकडे, आणि मी देवाकडे. आणि दोरा हलला! आधी हळूच, मग असा ताणला की रॉडचं धनुष्य झालं. सकाळपासून काठावर वाट बघत बसलेला ओमप्रकाश ओरडला, ढील द्या! मी ढील दिली. दमवा! मीच दमलो. मामाजी धोतर खोचून जाळ्यासकट गुडघाभर पाण्यात उतरले. शकुंतलाबाईंनी राग विसरून मोबाईल काढला आणि शूटिंग सुरू केलं. काजल हात जोडून उभी. दहा किलोचा कसला, वीस किलोचा असणार!

बेशरमाच्या झुडपाजवळ पाणी फुगलं. काळी, रुंद, ओली पाठ वर आली. मग शिंगं आली. मग नाकातून फुर्रर्र असा आवाज आला आणि एक म्हैस तलावातून उठून शांतपणे गावाकडे चालू लागली. दोरा तिच्या शिंगाला गुंडाळलेला. रॉड माझ्या हातात होता, त्यामुळं मीही चालू लागलो. मामाजींनी काय समजून कोण जाणे, जाळं तिच्या तोंडावर टाकलं.

वाटेत तानबा आडवा आला. म्हैस त्याची.

“गोपालभाऊ, दूध पाह्यजे असन तर मांगा ना. म्हैस काऊन घेऊन चालले?”

दोरा सोडवायला बराच वेळ गेला. मी परत काठावर आलो तेव्हा उन्हं कलली होती. कुणाशी नजर मिळवायची हिंमत नव्हती. मासा निघाला नव्हता. शब्द म्हणजे शब्द. काजल पाठमोरी उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

मधुकरराव दगडावर बसले होते, उघड्या डोक्यानं. खांदे त्यांचेही हलत होते. मला वाटलं, रडतात की काय. पण ते हसत होते. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढून. धीरज त्यांच्यासाठी पाणी आणायला धावला.

दम खाल्ल्यावर त्यांनी शकुंतलाबाईंना हाक मारली.

“अव, चाल, घरी जाऊन साखर खाऊ. ज्याले मासा फसवता येत नाई, थो आपल्या पोराले काय फसवन?”

शकुंतलाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर म्हशीचं शेपूट लागून गेल्याची खूण. त्यांचीही खात्री पटली.

लग्न झालं. धीरज अजूनही मोबाईल उपडा ठेवतो, असं काजल सांगते. आणि मधुकररावांच्या मोठ्या घराण्यात आता कुठंही सोयरीक जुळवायची असली की मला खास बोलावणं येतं. हिंगणघाट, आर्वी, एकदा तर पार चंद्रपूरपर्यंत नेलं. मी बोलायचं नसतं. समोरच्या मंडळींना विश्वास वाटावा म्हणून नुसतं पुढं बसवतात.